मुंबईचा स्लॉट शहराच्या नावावर करा: केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मुंबईसाठी विमान मागितले की "मुंबईत स्लॉट (विमान उतरवायची वा उडवायची राखीव वेळ) नाही, नवी मुंबई होऊ द्या," हे उत्तर मराठवाड्याने वर्षानुवर्षे ऐकून घेतले. 8 ऑक्टोबर 2025 ला नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले, 25 डिसेंबरपासून प्रवासी विमाने उडू लागली. तरीही विमान द्यायचे की काढून घ्यायचे, हे कंपनीच्याच मर्जीवर. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूरच्या नावाने लेखी राखलेला स्लॉट कुठे आहे?

जागेची टंचाई आम्हाला कळते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच चालते. गर्दीच्या तासाला तिथे 46 उड्डाणे-अवतरणे ठरायची, फेब्रुवारी 2024 मध्ये सरकारनेच ती 44 वर आणली. सत्तर-बहात्तर आसनांचे एटीआर असो की एकशे ऐंशी आसनांची एअरबस, उतरायला स्लॉट एकच जातो. संभाजीनगर हवाई अंतराने 280 किलोमीटर, दिल्ली साडेअकराशे. स्लॉट तेवढाच आणि कमाई कितीतरी जास्त म्हटल्यावर कात्री कोणावर चालते, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

फेरी बंद होते, पण कंपनीचा स्लॉट जात नाही. खरी गोम इथे आहे. जागतिक नियमावलीप्रमाणे विमान वेळापत्रकाच्या एका हंगामातला 80 टक्के स्लॉट वापरला की पुढच्या वर्षी त्याच वेळेवर जुना हक्क मिळतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होणारा उन्हाळी हंगाम 30 आठवड्यांचा धरा, म्हणजे 210 दिवस. रोजच्या फेरीतले 168 दिवस उडाले की पुरे. 42 फेऱ्या रद्द केल्या तरी हक्क शाबूत! धुक्या-पावसाने रद्द झालेल्या फेऱ्यांची सूट वेगळीच. शिवाय हा हक्क वेळेचा असतो, मार्गाचा नसतो. लहान विमानाने सकाळची वेळ धरून ठेवायची, मोठे विमान ताफ्यात आले की ती दिल्ली-बंगळुरूला लावायची. एकाच समूहात दोन कंपन्या असल्या की आपसात अदलाबदल आणखी सोपी. प्रवाशाला कळते ते तिकीट निघेनासे झाल्यावर.

लंडनच्या हीथ्रोवर 2012 मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या समूहाने बीएमआय ही विमान कंपनी घेतली, तेव्हा युरोपीय आयोगाने रोजच्या 14 स्लॉट-जोड्या (एक उतरायचा, एक उडायचा) सोडायला लावल्या. युरोपच्या 1993 च्या स्लॉट नियमांतले कलम 9 तर सार्वजनिक सेवेच्या, म्हणजे लोकांच्या गरजेसाठी सरकारने चालू ठेवायला लावलेल्या, मार्गासाठी गर्दीच्या विमानतळावर स्लॉट राखू देते. आपल्याकडेही एप्रिल 2019 मध्ये जेट एअरवेज बंद पडल्यावर तिचे स्लॉट सरकारने इतरांना दिलेच ना? मग स्लॉट कंपनीच्या मालकीचा कसा?

2016 च्या नागरी विमान वाहतूक धोरणात मुख्य मार्गांवरील क्षमतेच्या 35 टक्के क्षमता तिसऱ्या वर्गाच्या, म्हणजे इतर कमी गर्दीच्या, मार्गांवर उडवण्याची अट घातली. कोणत्या शहराला, ते कंपनीने ठरवायचे. मग मराठवाडा कोण निवडणार? लहान शहरांना विमानाने जोडणाऱ्या 'उडान' योजनेचे अनुदान तीन वर्षांचे, पुढे काय?

इकडे मुंबईच्या टाटा रुग्णालयात सकाळी नऊची वेळ मिळालेला रुग्ण रात्रभर ट्रॅव्हल्सच्या बसमध्ये हाडे खिळखिळी करून घेतो. नांदेडहून वंदे भारत मुंबईला पोहोचेपर्यंत दुपार उलटते. शेंद्रा-बिडकीनला कारखाने या म्हणता, आणि तिथल्या माणसाने मुंबईचे काम एका दिवसात उरकून परत यायचे कसे? रेल्वेचे दुहेरीकरण असो, गोदावरीचे पाणी असो, मराठवाड्याने कायम थांबायचे. आमचा अनुशेष मोजणाऱ्या विकास मंडळाची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली. गाऱ्हाणे मांडायची जागाही काढून घेतलीत!

आता नेमके मागणे. मुंबई किंवा नवी मुंबईत सकाळी नऊच्या आत उतरणारा आणि संध्याकाळी सहानंतर सुटणारा स्लॉट प्रत्येक शहराच्या नावावर ठेवा. कंपनीने मार्ग सोडला की स्लॉटही सोडावा, तो त्याच मार्गासाठी दुसऱ्या कंपनीकडे जावा, समूहातल्या भावंडाकडे आपोआप नाही. सकाळचे विमान इथूनच सुटायचे तर ते रात्री इथे मुक्कामी हवे. त्यासाठी विमानतळाची वेळ वाढवा, हवाई नियंत्रण, अग्निशमन आणि सुरक्षेची पाळी द्या. नाहीतर तेच विमान पहाटे मुंबईहून इकडे पाठवावे लागते आणि मुंबईतला आणखी एक स्लॉट खर्ची पडतो. मार्गनिहाय स्लॉटवापर दरमहा जाहीर करा.

हिवाळी हंगामासाठी कंपन्यांचे अर्ज मे महिन्यात जातात. आदेश त्याआधी काढा आणि उत्तर लेखी द्या.

आपला,
मराठवाड्यातील एक नागरिक
छत्रपती संभाजीनगर