दिवा मंद झाला? आधी अर्थिंग तपासा

महोदय,

समोरच्या गाड्यांच्या डोळे दिपवणाऱ्या दिव्यांबद्दल वर्तमानपत्रांत अधूनमधून तक्रारी येतात. कुंभार्ली घाटातून रात्री जाणाऱ्या कुणालाही त्या पटतील. पण यातल्या काही गाड्या जुन्या असतात आणि त्यांच्या मालकांनी पांढरे एलईडी हौसेने बसवलेले नसतात. त्यांना स्वतःलाच रस्ता दिसेनासा झालेला असतो. मी एसटीच्या आगारात इलेक्ट्रिशियन होतो. आता ओळखीच्यांच्या गाड्या बघतो, म्हणून हे लिहितो.

आमच्या आळीत एक जुनी पद्मिनी मोटार आहे, एच-४ हॅलोजन बल्ब (एकाच बल्बात अप्पर आणि डिपरची दोन फिलामेंट) बसवलेली. तिचा डावा दिवा मलूल झाला. गॅरेजवाल्याने बल्ब बदलला, मग होल्डर बदलला, शेवटी शंभर-नव्वद वॉटचे (अप्पर शंभर, डिपर नव्वद) बल्ब घाला म्हणाला. मी डिपर (खाली पडणारा जवळचा झोत) लावून डॅशबोर्डकडे पाहिलं, तर अप्परचा (लांबच्या झोताचा) निळा दिवा अंधुक पेटलेला! हे दिसलं की पहिला संशय अर्थवर, म्हणजे दिव्यातला करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडणीवर घ्यावा. परतीची वाट तुटली की करंट डिपरच्या फिलामेंटमधून त्याच बल्बच्या अप्परच्या फिलामेंटमध्ये शिरतो आणि अप्परच्या वायरीने उजव्या दिव्यात जाऊन तिथली अर्थ गाठतो. १२ व्होल्ट तीन फिलामेंटांत वाटले गेल्यावर उजेड कुठून पडणार? अर्थचा स्क्रू काढला, तर लगखाली (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली) हिरवट-पांढरा थर. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत केला, नवा लग लावला, वरून व्हॅसलीन. दिवा लख्ख.

कोकणातल्या दमट हवेत हे व्हायचंच. त्यात चिपळूणच्या जुलै २०२१ च्या पुरात बुडालेल्या गाड्यांचे कपलर (वायरी जोडणारे प्लग) अजून आतून कुजताहेत.

मेकॅनिक मंडळींशी माझं भांडण एकाच गोष्टीवरून आहे. कपलर काढून टेस्ट लॅम्प (तपासणीचा छोटा बल्ब) लावायचा, तो पेटला की ‘सप्लाय ओके’ म्हणून मोकळं व्हायचं. अहो, वायरीची एक तार शिल्लक असली तरी तो पेटतो! ५५ वॉटचा बल्ब साडेचार अँपिअरच्या वर ओढतो. खराब जोड उघडा पडतो तो तेव्हाच. म्हणून बल्ब पेटता ठेवून त्याच्या पिनांवर मीटर लावावा. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ व्होल्ट आणि बल्बवर १२ मिळाले, तर दोनच व्होल्ट गेले असं वाटतं, पण उजेड जवळजवळ ४० टक्क्यांनी घटलेला असतो. मग बल्बच्या अर्थ पिनेपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मीटर धरावा. तिथे पाव व्होल्टाहून जास्त दिसलं तर अर्थ खराब. तिथे काही नसेल तर दोष पॉझिटिव्ह बाजूला: फ्यूजच्या पट्ट्या, स्विच, कपलर. (बसला २४ व्होल्ट असतात, तिथे एवढी गळती खपून जाते. कारला ती सोसत नाही.)

बऱ्याच जुन्या गाड्यांत रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नसतो, दोन्ही दिव्यांचा सगळा करंट स्विचमधून जातो. त्यावर शंभर-नव्वदचे बल्ब लावले की स्विच तापून वितळतो, शिवाय ते नियमात बसत नाहीत. एलईडी करंट कमी ओढतो, त्यामुळे कुजका जोड तसाच झाकला जातो. आणि फिलामेंटसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये बहुतेक एलईडींचा प्रकाश नेमका पडत नाही, तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो. त्यापेक्षा बॅटरीपासून फ्यूज घालून जाड वायर आणावी, रिले बसवावा आणि ६०/५५ चाच बल्ब ठेवावा.

खासगी गाडीची १५ वर्षांनी पुनर्नोंदणी करताना आणि पुढे दर ५ वर्षांनी तपासणी होते. तेव्हा दिवा पेटतो का एवढंच न बघता बल्बवरचे व्होल्टही मोजावेत, अशी परिवहन खात्याला विनंती आहे. दोन मिनिटांचं काम आहे आणि मीटर आयटीआयच्या पोरांकडेही असतो.

— एक निवृत्त इलेक्ट्रिशियन, चिपळूण