सोळांच्या संचात पंधरा कादंबऱ्या आणि वर एक पक्ष्यांचे पुस्तक

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन पुस्तक विक्री विभाग

विषय : जॉन गार्डनर यांच्या जेम्स बाँड कादंबऱ्यांचा अपुरा संच, चुकीच्या वर्णनाने विकलेला संदर्भग्रंथ आणि बदली म्हणून आलेले भलतेच पुस्तक.

महोदय/महोदया,

मी 3 मार्च रोजी आपल्याकडून दोन वस्तू मागवल्या. पहिली, ‘जॉन गार्डनर : जेम्स बाँड संपूर्ण, 16 पुस्तके’ हा संच, 7,200 रुपये. दुसरी, रेमंड बेन्सन यांचे ‘द जेम्स बाँड बेडसाइड कम्पॅनियन’, 1,350 रुपये. या दुसऱ्या पुस्तकाच्या वर्णनात ‘2022 पर्यंतच्या सर्व कादंबऱ्यांसह अद्ययावत’ असे ठळक अक्षरांत होते. पैसे आगाऊ भरले. खोके नवव्या दिवशी आले. बांधणी उत्तम होती, एकाही पुस्तकाचा कोपरा दुमडलेला नव्हता. बांधणीबद्दल माझे काहीच म्हणणे नाही.

पुस्तके मोजली तर सोळा भरली. पण त्यांत एक ‘कोल्ड’ होते आणि एक ‘कोल्ड फॉल’. ही एकच कादंबरी आहे. 1996 साली ती ब्रिटनमध्ये पहिल्या नावाने निघाली, अमेरिकेत दुसऱ्या नावाने. गार्डनर यांनी 1981च्या ‘लायसन्स रिन्यूड’पासून स्वतःच्या कथानकाच्या चौदा बाँड कादंबऱ्या लिहिल्या आणि ‘लायसन्स टू किल’ व ‘गोल्डनआय’ या दोन चित्रपटांना कादंबरीचे रूप दिले. असे सोळा. आपल्या खोक्यात त्यांतली पंधरा आली, एक दोनदा आले, आणि 1991ची ‘द मॅन फ्रॉम बार्बारोसा’ आलीच नाही.

त्याच संध्याकाळी मी आपल्याला ईमेल केला. उत्तर आले, ‘दोन्ही पुस्तकांची शीर्षके वेगळी असल्यामुळे ही दुबार प्रत मानता येत नाही.’ मग मी दोन्हींची पहिली पाने शेजारी शेजारी ठेवून फोटो काढले. दोन्हींत वॉशिंग्टनच्या डलस विमानतळावर तेच जंबो जेट उद्ध्वस्त होते. फोटो पाठवले, त्यावर आठ दिवस काही नाही. नवव्या दिवशी संदेश आला की हरवलेले पुस्तक शिल्लक नाही, त्याऐवजी ‘त्याच लेखकाचे पर्यायी पुस्तक’ पाठवत आहोत.

ते पर्यायी पुस्तक म्हणजे ‘बर्ड्स ऑफ द वेस्ट इंडीज’. लेखक, जेम्स बाँड.

आता थोडे माझ्याविषयी सांगते, म्हणजे हे पत्र एवढे लांब का झाले ते कळेल. मी सांगलीत राहते. एकतीस वर्षे ग्रंथालयात सूचीकरणाचे काम केले. हजारो कार्डे हाताने लिहिली, मग संगणकावर चढवली. त्यामुळे खोक्यावरची चिठ्ठी पाहताच मला कळले की आपल्याकडे नेमके काय बिघडले आहे. चिठ्ठीवर सर्व पुस्तकांपुढे ‘लेखक : जेम्स बाँड’ असे छापले आहे. गार्डनर नाहीत, बेन्सन नाहीत, कोणीच नाही. नायकालाच लेखक करून टाकले. मग दोन नावांची एकच कादंबरी ओळखायची कोणी, आणि कशाच्या आधारावर? आणि ‘त्याच लेखकाचे दुसरे पुस्तक’ शोधायला गेले की जगात खरोखरच एक जेम्स बाँड लेखक सापडतो! फिलाडेल्फियाचा हा पक्षिशास्त्रज्ञ. त्याचे पुस्तक 1936 साली निघाले. बाँडचे निर्माते इयान फ्लेमिंग जमैकात राहत असताना ते त्यांच्या हाताशी असे, आणि नायकाला साधे, कुणाचे लक्ष जाणार नाही असे नाव हवे म्हणून त्यांनी ते या पुस्तकावरून उचलले. आपल्या संगणकाने, नकळत का होईना, या नावाच्या उगमाशी मला नेऊन पोचवले याचे कौतुक वाटते. पण मी मागवली होती ती सोव्हिएत संघ मोडला त्या वर्षी आलेली हेरकथा. कॅरिबियन बेटांवरचे पक्षी मी मागवले नव्हते. ग्रंथालयाच्या मांडणीत एकाची जागा 823 मध्ये (इंग्रजी कथासाहित्य) आणि दुसऱ्याची 598 मध्ये (पक्षी). मध्ये दोन कपाटे तरी जातात.

आमच्या कार्डांच्या खणात एक कार्ड होते, माझ्याच अक्षरातले : ‘मार्कहॅम, रॉबर्ट — पाहा : एमिस, किंग्जली’. फ्लेमिंग 1964 साली गेले. त्यांच्यानंतर दुसऱ्या लेखकाने लिहिलेली पहिली बाँड कादंबरी ‘कर्नल सन’ 1968 साली आली. ती किंग्जली एमिस यांनी रॉबर्ट मार्कहॅम या टोपणनावाने लिहिली होती. त्या एकाच नावाआड पुढे वेगवेगळ्या लेखकांनी लिहावे अशी योजना होती, पण एमिस यांच्यानंतर ते नाव कोणी वापरले नाही. असे एक ‘पाहा’ कार्ड आपल्या यादीत असते तर ‘कोल्ड फॉल — पाहा : कोल्ड’ एवढ्यात माझे 450 रुपये वाचले असते.

संदर्भग्रंथाची गोष्ट याहून मनाला लागणारी आहे. तो मागवण्यामागे एक पैज होती.

दर रविवारी सकाळी आमराईत फिरून झाले की आम्ही तिघे चहाला बसतो. मी, माझे भाऊजी आणि आमच्या गल्लीतला एक इंजिनिअर मुलगा. भाऊजींच्या मते बाँड फ्लेमिंगबरोबर संपला. बारा कादंबऱ्या, दोन कथासंग्रह, बस्स. पुढचे सगळे उष्टे. “साब चालवणारा बाँड मला चालत नाही,” हे त्यांचे ठरलेले वाक्य, कारण गार्डनर यांनी बाँडला साब 900 टर्बो मोटार दिली. मुलाचे म्हणणे उलट, की गार्डनर यांनीच बाँडला ऐंशीच्या दशकात जिवंत ठेवले. मी मध्ये असते. मला एमिस आवडतात, अँथनी होरोविट्झही आवडतात. ‘ट्रिगर मॉर्टिस’मध्ये त्यांनी फ्लेमिंग यांचेच टीव्हीसाठी लिहून पडून राहिलेले टिपण वापरले आहे, तेव्हा ते उष्टे की ताजे हे भाऊजींनाही सांगता येत नाही. जेफरी डीव्हर यांचा ‘कार्ट ब्लांश’मधला बाँड अफगाणिस्तानात लढून आलेला आहे, त्यावर तर दोन रविवार गेले.

पैज लागली ती बाँडच्या जन्मसालावरून. ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’मध्ये बाँड मेला असे समजून छापलेला मृत्युलेख आहे. त्यानुसार तो सतराव्या वर्षी शाळेतून बाहेर पडला आणि 1941 साली वय एकोणीस सांगून नोकरीत शिरला. म्हणजे जन्म 1924च्या आसपास. पण 1955च्या ‘मूनरेकर’मध्ये पंचेचाळीसाव्या वर्षी 00 यादीतून, म्हणजे मारण्याचा परवाना असलेल्या हेरांतून, काढून कचेरीतल्या कामावर बसवतात आणि बाँडची त्याला आठ वर्षे उरली आहेत. म्हणजे तो सदतीसचा, आणि जन्म 1918च्या आगेमागे. त्यात ‘कसिनो रोयाल’मध्ये फ्लेमिंग सांगतात की बाँडने आपली बेंटली 1933 साली जवळजवळ नवी असताना घेतली. 1924चा जन्म धरला तर नऊ वर्षांच्या पोराने साडेचार लिटरची बेंटली विकत घेतली! भाऊजी म्हणतात, फ्लेमिंग लिहिताना मागचे विसरले, इतकेच. मुलगा म्हणतो, जॉन पिअर्सन यांनी 1973 साली बाँडचे ‘अधिकृत चरित्र’ लिहिले, त्यात 1920 आहे, तेच धरा. त्यावर भाऊजी, कादंबरीतल्या माणसाचे चरित्र आणि तेही तिसऱ्याने लिहिलेले, हा पुरावा कसा? मी ग्रंथपाल असल्यामुळे पंच झाले. ठरले असे की नवी, अद्ययावत आवृत्ती आहे तर बेन्सन यांचा ग्रंथ मागवायचा, तो काय म्हणतो ते मान्य करायचे, आणि हरलेल्याने वर्षभर रविवारचा भडंग आणायचा.

बेन्सन यांनाच पंच मानण्याला कारण आहे. त्यांनी हा ग्रंथ 1984 साली काढला. फ्लेमिंग आणि फ्लेमिंगनंतरचे सगळे त्यांनी एकत्र मांडले, आणि वाचक म्हणून मते देताना भीड ठेवली नाही. पुढे गार्डनर थांबले तेव्हा बाँडच्या नव्या कादंबऱ्या लिहायचे काम याच कोशकाराकडे आले. 1997 ते 2002 या काळात त्यांनी सहा लिहिल्या. ज्याने इतरांच्या पुस्तकांना गुण दिले, त्याची स्वतःची सहा पुस्तके आता कोणीतरी तपासायची, म्हणून अद्ययावत आवृत्तीबद्दल आम्हाला विशेष उत्सुकता होती. ते स्वतःबद्दल काय लिहितात? होरोविट्झ यांच्याबद्दल काय? 2022च्या ‘विथ अ माइंड टू किल’पर्यंत सगळे एका ग्रंथात मिळणार या आशेने मी ते 1,350 रुपये भरले.

आले ते जुनेच पुस्तक. या ग्रंथाची सुधारित आवृत्ती 1988 साली निघाली होती, तिचेच हे पुनर्मुद्रण. गार्डनर यांची निम्मीअधिक पुस्तके त्यात नाहीत, कारण ती तोवर लिहिली गेली नव्हती. बेन्सन यांची स्वतःची एकही नाही. पुस्तक वाईट नाही, उलट फार चांगले आहे, आणि 1988ची आवृत्ती म्हणून आपण ते विकले असते तर मी एक शब्द बोलले नसते. ‘2022 पर्यंत अद्ययावत’ हे शब्द त्याच्यापुढे आले कुठून? मी विचारले, तर उत्तर आले, ‘पुस्तकाची छपाई नवी आहे.’ पुनर्मुद्रण आणि सुधारित आवृत्ती यांतला फरक पुस्तके विकणाऱ्या कंपनीला मी समजावून सांगावा, ही माझ्यासाठी नवीच वेळ.

आपल्या प्रतिनिधीने फोनवर मला म्हटले, “मॅडम, सगळी 007चीच तर आहेत, एखादं इकडचं तिकडे झालं.” तो मुलगा नम्र होता, त्याच्यावर माझा राग नाही. पण हेच मला आपल्यापर्यंत पोचवायचे आहे. अशा मालिकेच्या वाचकाला नेमके कोणते पुस्तक, कोणाचे, कोणत्या सालचे आणि कोणत्या आवृत्तीतले, हेच तर हवे असते. फ्लेमिंग यांचीच पुस्तके घ्या. 2023 साली ती नव्याने काढताना त्यांच्या वारसांच्या कंपनीने मजकुरातले काही वांशिक उल्लेख बदलले किंवा गाळले. तेव्हा ‘लिव्ह अँड लेट डाय’ मागवणाऱ्याला जुना मजकूर मिळतोय की नवा, हे आपल्या पानावर आवृत्तीचे साल नसेल तर कसे कळणार? ‘ऑक्टोपसी अँड द लिव्हिंग डेलाइट्स’ 1966 साली दोन कथांचा संग्रह होता, नंतरच्या आवृत्त्यांत तो चारांचा झाला. नाव तेच.

वाचकाचे पत्र कामाला येते, असे मला बाँडमुळेच वाटते. 1956 साली ग्लासगोच्या जेफ्री बूथरॉइड नावाच्या शस्त्रांच्या जाणकाराने फ्लेमिंग यांना कळवले की बाँडच्या हातातले .25 बेरेटा हे बायकांच्या पर्समध्ये शोभणारे पिस्तूल आहे. (या मतावर माझे वेगळे म्हणणे आहे, पण ते असो.) फ्लेमिंग यांनी त्याला उत्तर दिले, सल्ला विचारला, आणि 1958च्या ‘डॉक्टर नो’मध्ये बाँडचे बेरेटा काढून त्याला वॉल्थर पीपीके देणारा जो शस्त्रतज्ज्ञ आणला त्याचे नावच मेजर बूथरॉइड ठेवले. मला आपल्या कंपनीत व्यक्तिरेखा व्हायचे नाही. लेखकाचा रकाना दुरुस्त झाला तरी पुरे.

माझ्या मागण्या अशा. ‘द मॅन फ्रॉम बार्बारोसा’ संचातल्या बाकीच्या पुस्तकांसारख्याच ब्रिटिश आवृत्तीत पाठवावी. ते जमत नसेल तर 450 रुपये परत करावेत. बेन्सन यांचा ग्रंथ परत घेऊन 1,350 रुपये पूर्ण द्यावेत, परतीचा कुरिअर खर्च माझ्यावर लावू नये. आणि या दोन्ही पुस्तकांची आपल्या पानावरची नोंद बदलावी : संचापुढे खऱ्या लेखकाचे नाव, ग्रंथापुढे 1988. शेवटची मागणी पैशांची नाही म्हणून ती बाजूला पडू नये. माझ्या मते तीच पहिली आहे.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्याच्या आत व्हावे लागते. माझ्या पहिल्या ईमेलला पाच आठवडे झाले. हे पत्र पोचल्यापासून पंधरा दिवस मी थांबेन. त्यानंतर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि एवढ्या रकमेला शुल्क लागत नाही, हे मी पाहून ठेवले आहे. बिल, खोक्यावरची चिठ्ठी, दोन्ही पुस्तकांच्या पहिल्या पानांचे फोटो आणि आपल्या चारही ईमेलांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

पक्ष्यांचे पुस्तक मी परत करणार नाही. त्याची किंमत कळवा, ती देय रकमेतून वळती करून घ्या.

आपली,
एक ग्राहक
सांगली

ता. क. : परतीच्या पार्सलसाठी माणूस पाठवाल तेव्हा त्याच्याकडे ‘कोल्ड फॉल’ असे स्पष्ट लिहून द्या. ‘कोल्ड’ न्यायचे नाही. आणि त्याच्या यंत्रावर दोन्ही ‘जेम्स बाँड’ म्हणून दिसत असतील, तर त्याने आधी मला फोन करावा.