कांदिवलीच्या काकांना, शिकागोहून

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

फोनवर तुमचे आभार मानायला गेलो की तुम्ही 'बरं, कुकरची शिट्टी झाली, ठेवतो' म्हणून मोकळे होता. म्हणून हे चारचौघांत, जाहीर लिहितोय. इथे तुम्हाला फोन ठेवता येणार नाही.

वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगतो. शिकागोच्या बाहेर आमचं घर आहे आणि घरामागे अर्धा एकर हिरवळ. इथे गवत वाढू दिलं तर गावाची नोटीस येते, त्यामुळे उन्हाळाभर ते कापणं हा घरचा नित्यनेम. त्यासाठी बसून चालवायचे छोटे ट्रॅक्टर मिळतात. मला नवा नको होता. शेजारच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने जागा विकली, तेव्हा त्याच्या गोठ्यातला जुना 'कब कॅडेट 102' मी जवळजवळ भंगाराच्या भावात उचलला. 1965 ते 67 या काळातलं हे मॉडेल, एका सिलिंडरचं दहा हॉर्सपॉवरचं कोहलर इंजिन, मूळचा पिवळा-पांढरा रंग आता गंजाच्या खाली. बायको म्हणाली, "गवत कापायला आणलंस की गवतात ठेवायला?"

आमच्या गल्लीत लेकीकडे सहा महिने राहायला आलेले काका संध्याकाळी फेरफटका मारताना गॅरेजसमोर थबकले. हुडवरचं अर्धं उडालेलं नाव वाचलं, वाकून पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "अरे, हा तर आमच्या घरातला!"

मला उलगडा झाला नाही. मग तुम्ही तिथेच उभ्याउभ्या सगळं सांगितलंत. हा ट्रॅक्टर बनवणारी इंटरनॅशनल हार्वेस्टर ही शिकागोची कंपनी. तिच्याशीच 1963 मध्ये महिंद्राने भागीदारी केली, कांदिवलीत इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया उभी राहिली आणि तिथून बी-275 हे ट्रॅक्टर शेतांवर जाऊ लागले. तुम्ही पुढे सत्तरच्या दशकात तिथल्या असेंब्ली लाईनवर लागलात. लाल आय आणि काळा एच असलेला तो शिक्का तुम्ही उमेदीची वर्षं रोज पाहिलेला. कांदिवलीचा कामगार त्या कंपनीच्या मूळ गावी येऊन तिचंच पोर दुरुस्त करतो, हा योग मला अजून गंमतीचा वाटतो. तुम्हाला त्याचं विशेष नव्हतं. तुम्ही विचारलंत, "चालतो का?"

चालत नव्हता. म्हणजे इंजिन खोकत-खाकरत सुरू व्हायचं, पण गिअर टाकून क्लच सोडला तरी गाडी जागची हलायची नाही. ज्याला विचारलं त्याने 'गिअरबॉक्स गेला' हे एकच निदान केलेलं, आणि तेही लांबूनच. तुम्ही मागची चाकं उचलून घ्यायला लावलीत, पुढच्या चाकांना ठोकळे लावलेत का ते स्वतः पाहिलंत, आणि मग त्या वयात जमिनीवर पुठ्ठा टाकून आडवे झालात. मी वर बसून क्लच सोडायचा, तुम्ही मोबाईलच्या टॉर्चने खाली बघायचं. दोनच मिनिटांत खालून आवाज आला, "शाफ्ट फिरतोय, कपलिंग नाही. बंद कर."

या ट्रॅक्टरची खुबी अशी की इंजिनाकडून मागे ताकद नेणारा पट्टा त्याला नाही. सरळ लोखंडी शाफ्ट, मध्ये क्लच प्लेट, मागे कपलिंग. ते कपलिंग शाफ्टला धरून ठेवते ती गुंडाळलेल्या पत्र्याची बोटभर पिन, आणि तीच तुटली होती. तुकडा तुम्ही पंचाने ठोकून काढलात आणि माझ्या हातावर ठेवलात. हाच तो गेलेला गिअरबॉक्स.

माझ्याकडे त्याच मापाचा पोलादी बोल्ट होता. तो मी पुढे केला तेव्हा तुम्ही नुसतं माझ्याकडे पाहिलंत. मग समजावलंत की ही पिन जरा दबते, झटका खाते, आणि अगदीच वेळ आली तर स्वतः तुटते. तिच्या जागी कडक बोल्ट ठोकला की तो दबत नाही, शाफ्टचंच भोक लांबट करतो. पिन काही पैशांची, शाफ्ट काढायचा तर अर्धी गाडी उघडायची. पिन येईपर्यंत आठवडा गेला, आणि त्या आठवड्यात तुम्ही मला स्वस्थ बसू दिलं नाहीत.

गिअरचं ऑईल सोडलं तर निघालं ताक. वर्षानुवर्षं गिअरच्या दांड्याखालचं रबर फाटलेलं, तिथून पाणी आत. नवं ऑईल भरून जरा चालवायचं, तेही सोडायचं आणि मग पुन्हा भरायचं, हे तुम्ही सांगितलंत. महागडं ऑईल दोनदा ओतताना मी कुरकुरलो होतो. दुसऱ्यांदा निघालेलं ऑईलही गढूळच होतं, तेव्हा गप्प झालो.

पण मला खरं शिकायला मिळालं ते पॉइंटवर, म्हणजे उघडझाप करून प्लगची ठिणगी पाडणाऱ्या त्या इवल्या संपर्कांवर. डिझेलच्या ट्रॅक्टरला पॉइंट नसतात. ती तुमची विद्या चेतकवरची, म्हणून तुम्ही या इंजिनाला सारखं 'स्कूटर' म्हणत होता. झाकण काढलंत, पॉइंट बोटाने उघडलेत आणि माझ्या हातातला पॉलिश पेपर काढून घेतलात. कोऱ्या व्हिजिटिंग कार्डाची पट्टी कापलीत, पॉइंटच्या मध्ये धरलीत, पॉइंट मिटू दिलेत आणि पट्टी हळूच ओढलीत. काळी रेघ आली. दुसरी पट्टी, फिकी रेघ. तिसरी कोरी निघाली तेव्हाच फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, मागितल्यात. 0.020 इंच अंतर ठेवलंत आणि लगेच म्हणालात, "हे पुस्तकाचं माप झालं. आता इंजिनाला विचारू."

मग प्लग काढून ठेवलात आणि बारा व्होल्टच्या बल्बची एक वायर ठिणगीची वीज तयार करणाऱ्या कॉईलच्या पॉइंटकडच्या टोकाला लावलीत, दुसरी बॉडीला. चावी चालू. मी फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड चाक, हाताने सावकाश फिरवायचं. पॉइंट मिटलेले असतील तोवर बल्ब विझलेला, उघडले की पेटणार. तो पेटतो त्याच क्षणी फ्लायव्हीलवरची 'एस'ची खूण बघायच्या भोकासमोर यायला हवी. पिस्टन अगदी वर पोचण्याच्या वीस अंश आधी ठिणगी पडावी म्हणून ती खूण असते. आमची खूण पुढे निघून जायची आणि बल्ब मागून पेटायचा, म्हणजे ठिणगी उशिरा. तुम्ही पॉइंट केसभर सरकवायचात, मी फिरवायचं. बल्ब आणि खूण जुळली तेव्हा तुम्ही स्क्रू आवळलात, आवळताना जागा हलली का ते पुन्हा पाहिलंत. मला यूट्यूबवर हे कुणी शिकवलं नव्हतं असं नाही. पण कुणी माझ्या हातात फ्लायव्हील दिलं नव्हतं.

स्टार्टरचं ऐकून तुम्ही खूष झालात. एकच यंत्र पट्ट्याने इंजिन फिरवतं आणि इंजिन सुरू झालं की तेच बॅटरी चार्ज करतं. वायरिंग जोडल्यावर चार्जिंग सांभाळणाऱ्या रेग्युलेटरला क्षणभर वायर टेकवून घ्यायची असते, हे तुम्हाला जुन्या डायनामोच्या फिआटींमुळे माहीत होतं.

आपलं एकाच गोष्टीवर जमलं नाही. मला गाडी पूर्ण खरवडून चकचकीत पिवळी करायची होती. तुम्ही म्हणालात, रंग म्हणजे मुंडावळ्या, आधी नवरदेव उभा राहू दे. तो उभा राहिल्यावरही तुम्ही डाव्या पेडलला हात लावू दिला नाहीत, कारण तो ज्या बुटांनी झिजवला त्या माणसाने गाडी जपली होती. हुड मी रंगवलाच, काका. तुमच्या मागे. फोटो पाठवला तेव्हा तुम्ही फक्त 'पट्टा सैल दिसतोय' एवढंच लिहिलंत. सैल होता.

या सगळ्याचे पैसे विचारायची माझी हिंमत झाली नाही. लेकीच्या घरी तुम्हाला दिवसभर करायला काही नव्हतं, असं ताईंनी नंतर सांगितलं. त्यांना वाटतं, मीच तुमच्यावर उपकार केले. त्यांचा हा गैरसमज कृपया तुम्हीच दूर करा.

आता काम पात्यांच्या डेकचं. मधल्या स्पिंडलची, म्हणजे पातं फिरवणाऱ्या दांड्याची, बेअरिंगं काढली आहेत, जुनी वाळूसारखी वाजत होती. दोन बेअरिंगांच्या मधला, त्यांच्यात अंतर राखणारा स्पेसर एका बाजूने जास्त झिजलाय. तो उलटा करून बसवला तर चालेल की नवाच घेऊ? रविवारी तुमच्या सकाळच्या चहानंतर फोन करतो. काकूंना नमस्कार, आणि कुकर तेवढा आधी उतरवून ठेवायला सांगा.

तुमचा,
गल्लीतला 'स्कूटरवाला'