आई, मी एकटी जेवत नाही

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

आई, रविवारी फोनवर तू विचारलंस रात्री काय जेवलीस, मी म्हटलं बाहेर खाल्लं, आणि तू नुसतं "बरं" म्हणालीस. तुझं ते "बरं" मला लहानपणापासून कळतं. मग बाबांनी फोन घेऊन विचारलं, "एकटीच गेलेलीस?" आणि नेमकं नेटवर्क गेलं, माझं उत्तर राहूनच गेलं. चार दिवस तेच डोक्यात घोळतंय म्हणून आज नीट लिहितेय. बाबा, सावकाश वाचा आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा.

तर पहिली गोष्ट ही की इथे स्पेनमध्ये, सेव्हिलला, बाहेर खाणं म्हणजे आपण वाढदिवसाला कुडाळला हॉटेलात जायचो तसं नसतं. इथे माणूस संध्याकाळी घराबाहेर पडतो, कोपऱ्यावरच्या बारमध्ये काऊंटरला टेकून उभा राहतो, एक छोटी बशी मागवतो, ती संपली की दुसरी नाहीतर सरळ पुढच्या गल्लीतला दुसरा बार. ह्या छोट्या बशीला तापा म्हणतात, अनेक झाल्या की तापास. तापा म्हणजे खरं तर झाकण. पूर्वी वाईनच्या ग्लासात माशी पडू नये म्हणून वर पावाचा किंवा मांसाचा तुकडा ठेवायचे, तेव्हापासून हे नाव पडलं अशी गोष्ट इथे सगळे सांगतात. आणि आई, "बार" शब्दाला घाबरू नकोस. खोटं कशाला सांगू, मी कधीतरी अर्धा ग्लास मान्सानिया घेते, ती इथली एकदम कोरडी पांढरी वाईन, समुद्राकाठच्या सानलुकारला बनते. पण बऱ्याचदा मोस्तो म्हणजे द्राक्षाचा रस घेते आणि कोणी वळूनही बघत नाही. त्याच बारमध्ये बाबागाडीत झोपलेलं बाळ असतं, शाळेतून आलेली मुलं असतात, ऐंशीच्या पुढच्या आज्या असतात, छान केस सेट करून, लिपस्टिक लावून, मैत्रिणींबरोबर. तो गावचा पारच आहे, फक्त वर छप्पर आहे.

पहिले दोन महिने मात्र मी खरंच एकटी होते. मी संध्याकाळी 7 वाजता भूक लागली म्हणून बाहेर पडायचे आणि किचन बंद. इथे दुपारचं जेवण 2 ते 4, मग रात्री साडेआठ-नऊशिवाय गरम काही मिळत नाही, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. रिकाम्या बारमध्ये ऑलिव्ह खात बसायचे आणि घरी येऊन मॅगी करायचे. तेव्हा तुम्हाला फोनवर "जेवले" म्हणून सांगायचे ते तेवढं खरं नव्हतं, आज सांगतेय. मग हळूहळू वेळ जुळली. आता मी 9 ला बाहेर पडते.

बाबा, तुम्हाला सगळ्यात आवडेल ती जागा म्हणजे एल रिन्कोनसियो. 1670 पासून आहे, म्हणजे ही जागा सुरू झाली तेव्हा शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक व्हायला अजून 4 वर्षं होती! आत वरून हॅमच्या, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या, तंगड्या टांगलेल्या, भिंतीला जुन्या टाइल्स, गर्दी इतकी की खांद्याला खांदा. तुम्ही काही मागवलं की वाढणारा माणूस तुमच्यासमोर लाकडी काऊंटरवरच खडूने आकडा लिहितो. दुसरी बशी आली की त्याखाली दुसरा आकडा. पाच जणांचे पाच हिशेब शेजारी शेजारी, कोणाचा कोणात मिसळत नाही. शेवटी तो तोंडातल्या तोंडात बेरीज करतो, खाली रेघ मारून एकूण लिहितो, पैसे घेतो आणि ओल्या फडक्याने एका फटक्यात पुसून टाकतो. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला तुमची आठवण आली, तुम्ही फळ्यावर गणित सोडवून झालं की डस्टर न घेता हातानेच पुसायचात आणि मग शर्टाला खडू लागायचा म्हणून आई ओरडायची.

आई, तिथे मी जे खाल्लं ते तुझ्यासाठी लिहिते. एस्पिनाकास कोन गार्बान्सोस, म्हणजे पालक आणि काबुली चणे. लसूण आणि पावाचा तुकडा ऑलिव्ह तेलात तळून घेतात, तो जिऱ्याबरोबर खलबत्त्यात कुटतात, लाल मिरचीची भुकटी आणि थोडं व्हिनेगर घालतात आणि ते वाटण पालकाला लावतात म्हणून ती भाजी दाट होते. मी पहिला घास घेतला आणि जिऱ्याचा वास आला ना, मला एकदम गळ्याशी आलं. तुझं अळूचं फतफतं, त्यातले चणे, तसंच मऊ, तशीच थोडी आंबट बाजू, फक्त चिंचेऐवजी व्हिनेगर आणि गूळ नाही. साधारण साडेतीन युरोला एक बशी मिळते. तू लगेच रुपये करशील म्हणून मीच सांगते, साडेतीनशेच्या आसपास होतात, आणि अशा दोन बशा आणि पाव घेतला की माझं जेवण होतं.

सोमवारचं अजून पाळते, काळजी करू नकोस. पण ते सोपं नाहीये इथे. एका ठिकाणी मी मांस नको म्हणून सांगितलं आणि सॅलडवर ट्यूना आला, मी विचारलं तर तो माणूस अगदी मनापासून म्हणाला की हे मांस नाहीये, मासा आहे. सालमोरेखो म्हणून टोमॅटोचं थंडगार दाट सूप मिळतं, उन्हाळ्यात तर अमृत, पण वर अंडं आणि हॅम भुरभुरलेलं असतं. आता मी आधीच सांगते, "सिन खामोन", म्हणजे हॅमशिवाय. तुम्ही आलात की तुम्हाला एवढे दोन शब्द तरी पाठ करावे लागतील. वांग्याचे काप तळून त्यावर उसाची काकवी घालतात, ते तुला नक्की आवडेल. आणि वांग्याला म्हणतात बेरेंखेना. बाबा, मी शोधून काढलं, आपला संस्कृत वातिंगण फारसीतून अरबीत गेला आणि अरबांबरोबर स्पेनला आला. संत्र्याला नारांखा म्हणतात, तो आपला नारंग! इथे रस्तोरस्ती संत्र्याची झाडं आहेत, फळं खाण्यासारखी नाहीत, कडू असतात, पण मार्चच्या शेवटी ती फुलतात तेव्हा आख्ख्या शहराला वास येतो, रात्री दोन बारच्या मधलं चालणंसुद्धा सुंदर होतं.

आता माशाचं. बाबा, इथे मोरी मिळते!! कासोन एन आदोबो म्हणतात. कासोन म्हणजे छोटी मुशी, शार्कचीच जात, आपली मोरीच. व्हिनेगर, लसूण, जिरं, ओरेगानो ह्यात रात्रभर मुरवून, पिठात घोळवून तळतात. त्याचे चौकोनी तुकडे येतात, बाहेरून कुरकुरीत, आत पांढरेशुभ्र, काटा नाहीच. आपल्याकडे मोरी म्हटली की मटणासारखी सुकी, खोबऱ्याच्या वाटणातली, पण ही अशीसुद्धा होऊ शकते हे मला माहीतच नव्हतं. मी एकटीने सगळी बशी संपवली आणि मनातल्या मनात तुम्हाला एकेक तुकडा देत होते. इथली मोठी जत्रा असते एप्रिलच्या सुमाराला, फेरिया, तिच्या पहिल्या रात्रीला "पेस्काइतोची रात्र"च म्हणतात, म्हणजे तळलेल्या माशांची रात्र. हे शहर समुद्रापासून आत आहे, नदीवर, पण मासा तळायला ह्यांना मालवणकरांइतकंच येतं हे मी मान्य केलंय.

आणि ह्या सगळ्यात ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला घेतलं ती म्हणजे मावशी.

माझ्या घरापासून पाच मिनिटांवर, नदीपलीकडे त्रियानात, एक छोटा बार आहे. सहा टेबलं, बाहेर तीन. तिथे स्वयंपाक करणाऱ्या बाई मूळच्या कादिसकडच्या, समुद्रावरच्या. मी मनात त्यांना मावशीच म्हणते. मी जानेवारीत आजारी पडलेले ना, तुम्हाला सर्दी म्हणून सांगितलेलं, तेव्हा सात-आठ दिवस तिथे गेले नव्हते, आणि परत गेले त्या दिवशी त्या किचनमधून हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, कुठे होतीस, मिआर्मा? मिआर्मा म्हणजे माझ्या जिवा. सेव्हिलमध्ये कोणीही कोणालाही म्हणतं, भाजीवाला पण म्हणतो, मला माहितीये. तरी त्या दिवशी मला ते "खंय होतंस गो चेडवा" असंच ऐकू आलं. न मागता सूप आणून दिलं आणि पैसे घेतले नाहीत.

मावशींची खासियत म्हणजे तोर्तिइतास दे कामारोनेस. कामारोनेस म्हणजे अगदी बारीक कोळंबी, जवळाच म्हण. गव्हाचं पीठ आणि चण्याचं पीठ, हो आई, चक्क बेसन, त्यात बारीक कांदा, पार्स्ली, मीठ आणि थंड पाणी, पीठ इतकं पातळ की पळीवरून धावतं. एकदा गर्दी नव्हती तर त्यांनी मला आत बोलावून दाखवलं. तेल चांगलं तापलेलं, पळीभर पीठ कडेने सोडलं आणि पळीच्याच पाठीने लगेच पसरवलं, कडा जाळीसारख्या झाल्या, जवळा त्या जाळीत अडकलेला, डोळ्यांसकट, आणि अर्ध्या मिनिटात सोनेरी. मी म्हटलं हे तर माझी आई करते! पावसाच्या आधी ओला जवळा आला की ती भजी करते, त्यात हळद, तिखट, कोथिंबीर, तांदळाचं पीठ, आणि थोडं कोकमाचं आगळ. माझ्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं. त्यांना पटेचना की इतक्या लांब कोणी बेसनात जवळा तळतं. तेव्हापासून दर वेळी विचारतात, तुझ्या आईने प्रमाण पाठवलं का?

बाबा, तुम्ही म्हणाल हे सगळं योगायोग. सगळं नाही. तुम्ही शाळेत आम्हाला शिकवायचात ना की बटाटा, मिरची, टोमॅटो अमेरिकेतून आले. ती जहाजं ह्याच नदीने वर यायची, ग्वादालकिवीर. 1503 ला स्पेनच्या राणीने अमेरिकेच्या व्यापारावर देखरेख करणारी कचेरी इथे काढली आणि 1717 पर्यंत ती इथेच होती. 1573 च्या एका हिशेबात इथल्या इस्पितळाने बटाटे विकत घेतल्याची नोंद आहे, युरोपातल्या अगदी जुन्या नोंदींपैकी. त्या इस्पितळाच्या इमारतीत आता आंदालुसियाची, म्हणजे ह्या प्रांताची, विधानसभा भरते, मी रोज बसने तिच्यासमोरून जाते. आपल्याकडे ते सगळं पोर्तुगीजांनी आणलं, बटाटा हा शब्दच त्यांचा, आणि पाव पण. आईच्या एकादशीचा बटाटा आणि हिरवी मिरची, आणि इथल्या बारमधले थंड उकडलेले बटाटे, कांदा, व्हिनेगर आणि ऑलिव्ह तेल घातलेले, पापास अलिन्यास, हे एकाच घरातले आहेत. मी ते खाताना नेहमी वरून थोडं मीठ घालते आणि दही असतं तर, असं वाटतं.

म्हणून आई, मी एकटी जेवत नाही. एकटी जाते, ते खरंय. पण काऊंटरवर उभं राहिलं की शेजारचा माणूस त्याची बशी आपल्याकडे सरकवतो, हे चाखून बघ म्हणतो, मग कुठून आलीस, भारतातून, तिथे गाई रस्त्यावर असतात का, असं सुरू होतं आणि मी मालवणच्या किल्ल्याचे फोटो दाखवते. घरी चार भिंतीत डाळभात खाते त्या दिवशी जास्त एकटं वाटतं, हे तुला सांगायचं होतं. डाळभात पण करते, आठवड्यातून तीनदा तरी, कुकर नीट चालतोय.

आता यायचं बघा. उन्हाळ्यात नको, जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो आणि बरेच बारच बंद असतात. मार्चच्या शेवटी या, संत्र्याची फुलं असतात. बाबांच्या गुडघ्याचं मी बघून ठेवलंय, जुन्या बारमध्ये उभं राहावं लागतं पण बाहेर टेबलं असतात, आणि मावशींच्या इथे कोपऱ्यातलं टेबल त्या धरून ठेवतील, मी विचारलंय. आईच्या शुगरला हे छोट्या बशांचं बरंच पडेल, जरा जरा खाऊन उठायचं आणि मध्ये चालायचं. माद्रिदहून सेव्हिलला रेल्वेने या, अडीच तास लागतात. ही त्यांची पहिली वेगवान गाडी, 1992 ला सुरू झाली. बाबा, तेव्हा तुम्ही कोकण रेल्वेच्या जमिनीच्या मोजणीला आलेल्या लोकांना पाणी द्यायला जायचात ते आईने सांगितलंय. खिडकीची सीट तुमची.

पासपोर्टची तारीख बघून मला फोटो पाठवा, दोघांचाही, दादाला सांगा तो काढेल. आणि आई, जवळ्याच्या भजीचं प्रमाण फोनवर सांगू नकोस, तू "अंदाजाने" म्हणतेस आणि मला ते भाषांतर करता येत नाही. वाटीने मोजून कागदावर लिही, तुझ्या अक्षरात, आणि त्याचा फोटो पाठव. मावशींना मी तो कागदच दाखवणार आहे.

तुमची,
बाय