तळमजल्यावरच्या पीटीच्या बाईंना

बाई,

हे पत्र तुम्हाला आवडणार नाही हे मला आधीच माहितीये. तोंडावर थँक्यू म्हणायला गेलं की तुम्ही विषय बदलता आणि माझ्या बुटांच्या लेसवर घसरता, म्हणून सगळ्यांसमोर लिहून टाकते, आता काय कराल.

जानेवारीत मी कराडहून बाळाला घेऊन साताऱ्यात परत आले तेव्हा माझी काय अवस्था होती ते तुम्ही बघितलंय. सिझेरियन झालेलं, रात्री धड झोप नाही, एकही ड्रेस अंगात जात नाही, नवऱ्याचे टीशर्ट घालून फिरायचे. आणि मोटिव्हेशन द्यायला तर लाईनच लागली होती! हळदीकुंकवाला एका काकूंनी वाण हातात ठेवता ठेवता विचारलं, "अजून एक आहे का गं आत?" नणंद रोज रील्स पाठवायची, अमुक हिरॉईन तीन महिन्यात परत कशी झाली बघ, आता त्या हिरॉईनकडे ट्रेनर, कुक, बाळाला बघायला दोन बायका, ते रीलमध्ये कुठे दिसतं. नवरा म्हणाला जिम लाव, पैसे मी भरतो. पण जिमला गेल्यावर बाळाला कोण घेणार हे कोणीच बोललं नाही.

तुम्ही एकट्या अशा निघालात की वजनाचा वसुद्धा काढला नाहीत. जिन्यात भेटलात, मला दोन मजले चढून धाप लागलेली, तुम्ही बाळ माझ्या हातातनं काढून घेतलंत आणि म्हणालात, "हे माझ्याकडे राहू दे, तू गेटपर्यंत जाऊन ये." मी म्हणलं गेटवर काय काम आहे, तर "काही नाही, जाऊन ये." बस एवढंच. दुसऱ्या दिवशी परत तेच. हळूहळू गेटच्या पुढे कोपऱ्यावरची गिरणी, मग राजवाड्यापर्यंत, आणि इकडे तुम्ही त्याला मांडीवर घेऊन "एक दोन एक, एक दोन एक" करत थोपटायच्या, अजून त्याला तसंच झोपवावं लागतं, अंगाई चालतच नाही साहेबांना.

लोक विचारतात ना की बाळ झाल्यावर वजन कमी करायचं मोटिव्हेशन कुठून आणलंस, मला खरंच सांगता येत नाही, कारण चालणं आधी सुरू झालं आणि इच्छा बिच्छा बरीच नंतर आली. मला कोणीतरी जोश द्यायची गरज नव्हती, अर्धा तास दोन्ही हात मोकळे मिळायची गरज होती.

पण तुमची शिस्त! थोडं बरं वाटायला लागल्यावर मी घरी व्हिडिओ बघून पोटाचे क्रंचेस सुरू केले होते, ते कळल्यावर तुम्ही जे ओरडलात, शाळेतल्या पोरांवर पण एवढ्या ओरडला नसाल. "आधी डॉक्टर, मग व्यायाम." आणि स्वतः सोबत आलात. डॉक्टरांनी झोपवून मान उचलायला लावली, बेंबीच्या वर बोटं ठेवून बघितलं, पोटाचे मधले दोन उभे स्नायू गरोदरपणात ताणून बाजूला सरकलेले आणि ते अजून नीट जवळ आलेले नव्हते. डायस्टॅसिस म्हणतात त्याला. त्यात क्रंचेस केले तर पोट मधोमध अजून पुढे येऊ शकतं, म्हणजे मी घाम गाळून उलटंच करत बसले असते. ते थांबवून त्यांनी श्वास सोडत पोट आत घ्यायचे साधे व्यायाम दिले आणि फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. रक्त तपासून टीएसएच पण बघितलं कारण बाळंतपणानंतर थायरॉईड बिघडू शकतो, ते नॉर्मल आलं, पण हिमोग्लोबिन चांगलंच खाली! म्हणजे धाप लागत होती ती निव्वळ वजनाने नव्हती. आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात बाळंतपणानंतर 180 दिवस लोहाच्या गोळ्या घ्यायच्या असतात, मला हे कोणी धड सांगितलंच नव्हतं. सगळे पोटाकडे बघत होते, पांढऱ्या पडलेल्या नखांकडे तुम्ही बघितलंत.

आणि ते दुसरं, जे बायका एकमेकींना पण सांगत नाहीत, की शिंकलं किंवा जोरात हसलं की थोडी लघवी होते. मी आईला सुद्धा बोलले नव्हते. तुम्हीच चहा पिता पिता विचारलंत, "शिंकताना गळतं का गं?" मला इतकं लाजल्यासारखं झालं, आणि इतकं हलकं पण वाटलं. मग ते केगेल शिकले, लघवी अडवल्यासारखं आतून आवळायचं, पाच आकडे मोजायचे आणि सोडायचं, पाजताना, भाजी निवडताना, कुठेही. तुमचं म्हणणं होतं, "हे शाळेत मुलींना शिकवायला हवं, पण शाळेत म्हणलं असतं तर हेडमास्तरांनी मलाच घरी पाठवलं असतं." हसू आलं, पण खोटं काय त्यात.

लाडवांचं तर पुराणच आहे. माझ्या आईने डिंकाचे, मेथीचे, अळिवाचे असे डबे भरभरून दिलेले, त्यात बारशाला आलेले कंदी पेढे (साताऱ्यात दुसरं आणतात काय लोक). मला वाटलं तुम्ही सगळं बंद करायला लावाल. तुम्ही कागद पेन घेऊन बसलात. आयसीएमआरच्या (सरकारची वैद्यकीय संशोधन संस्था) तक्त्याप्रमाणे अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले 6 महिने रोज साधारण 600 कॅलरी जास्त लागतात, नंतर 520, म्हणजे उपाशी राहायचा प्रश्नच नाही. पण डिंकाचा एक मोठा लाडू दोनशेच्या वर सहज जातो आणि माझे दिवसाला चार चालले होते, वर प्रत्येक भाकरीवर तुपाची धार. "आईचं चुकलं नाही," तुम्ही म्हणालात, "तिच्या वेळेला बाळंतीण सव्वा महिन्यात विहिरीवर पाणी शेंदायला जायची, तू सोफ्यावर आहेस." मग रोज एकच लाडू, तोही सकाळी, बाकी वरण, उसळ, अंडी, बाजरीची भाकरी. आईला फोन करून हे तुम्ही सांगितलंत हे फार बरं केलंत, मी सांगितलं असतं तर महाभारत झालं असतं.

वजनकाटा तुम्ही माळ्यावर टाकायला लावलात. महिन्यातून एकदा शिवणाच्या टेपने कंबर मोजायची, एवढंच. बाळ रात्रभर जागलं असेल तर "आज चालायला येऊ नकोस, झोप" असा उलटा नियम, कारण झोप झाली नाही की दिवसभर गोड खावंसं वाटतं, आणि हे अगदी खरं निघालं. चालताना बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येता कामा नये, तेवढा वेग बास, आठवड्याचे मिळून 150 मिनिटं झाली पाहिजेत. पहिल्यांदा तुमच्यासोबत 'चार भिंती'च्या टेकडीचा चढ चढले, त्या दिवशी वर जाऊन सगळं सातारा खाली बघत आपण गप्प उभ्या होतो असं लिहायला छान वाटलं असतं, पण खरं म्हणजे मी कठड्याला धरून पाणी मागत होते आणि तुम्ही घड्याळ बघत होता.

नवऱ्याबद्दल पण थँक्यू. "रविवारी सकाळी 7 ते 8 बाळ यांच्याकडे" असं तुम्ही त्याच्यासमोरच जाहीर केलंत, तो काय बोलणार, त्याचे पण शाळेत पीटीच्या सरांसमोर पाय लटपटायचे म्हणे. आता डायपर बदलायला हाक मारत नाही. मॅटर्निटी लीव्ह संपून ऑफिस सुरू झाल्यावर सगळं बंद पडेल असं वाटत होतं, ते त्या रविवारमुळे आणि तुमच्या संध्याकाळच्या बेलमुळे टिकलं.

सगळं वजन गेलेलं नाही बाई, तुम्हाला माहितीच आहे. लग्नातले ब्लाऊज अजून बसत नाहीत आणि टाक्याच्या वर जो घडीचा भाग आहे तो बहुतेक राहणारच. पण बाळ आता चांगलंच जड झालंय, त्याला कडेवर घेऊन दोन मजले चढते आणि दारात कुलूप उघडताना फोनवर बोलत असते.

एक सांगते, सगळं ऐकलं तुमचं पण ते सकाळचं कारल्याचं पाणी मला जमणार नाही, डॉक्टरांना विचारलं, त्या म्हणाल्या काही गरज नाही, त्यामुळे तो विषय संपला. आणि येत्या रविवारी यवतेश्वरला जायचं ठरलंय ते एक आठवडा पुढे ढकलूया का, बाळाला सर्दी आहे आणि पाऊस पण थांबत नाहीये. तुमचा रेनकोट माझ्याकडेच आहे, संध्याकाळी खाली आणून देते.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची