गोळ्या थांबल्या, पाळीही थांबली

प्रिय सानिका,

पीसीओएससाठी (बीज नीट न सुटून पाळी लांबण्याचा हार्मोन्सचा विकार) दिलेल्या हार्मोनच्या गोळ्या बंद केल्यावर पाळी पुन्हा लांबली, म्हणजे सगळे महिने पाण्यात गेले, असं तू फोनवर म्हणालीस. तेव्हा चिडलेली होतीस म्हणून वाद घातला नाही. आता सवडीने लिहिते.

त्या गोळ्यांनी तुझी पाळी नियमित झालीच नव्हती. पाकिटातल्या २१ गोळ्या संपल्या की शरीरातले हार्मोन्स उतरतात आणि अंगावरून जातं. दिसायला पाळीच, पण त्या महिन्यात बीज सुटलेलं नसतं. ते सुटू न देणं हेच त्या गोळ्यांचं काम. मूळ तक्रार होती तिथेच राहते. हे पहिल्याच दिवशी तुला कोणी सांगायला हवं होतं.

मग दिल्या कशाला? बीज सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन पुरेसं तयार होत नाही, आणि इस्ट्रोजेन हे दुसरं हार्मोन एकटंच गर्भाशयाचं अस्तर जाड करत राहतं. असं वर्षानुवर्षं चाललं तर त्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो. ते गोळ्यांनी टळत होतं, तुझी मुरुमंही कमी झाली. त्या नकोच असतील तर दर दोन-तीन महिन्यांनी १०-१४ दिवस नुसत्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या, हाही मार्ग असतो. डॉक्टरांना विचार. पण तीन महिने पाळी नाही आणि तू गप्प, असं चालणार नाही.

सोनोग्राफीतल्या ‘गाठी’ म्हणजे अर्धवट वाढून थांबलेले फॉलिकल्स, बीजाच्या बारीक पिशव्या. काढायचं काही नसतं. नुसत्या त्यांच्यावरून पीसीओएस ठरतही नाही. २००३ च्या निकषांप्रमाणे बीज नीट न सुटणं, पुरुषी हार्मोन वाढलेलं असणं आणि सोनोग्राफीतलं ते चित्र, या तीनपैकी दोन गोष्टी लागतात. तेही दुसरं कारण नसेल तरच. थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) तपासलंय का? तुझ्या फाइलमध्ये मला दिसलं नाही.

आता तो २१ व्या दिवशीचा, प्रोजेस्टेरॉन कमी आलेला रिपोर्ट, ज्यावर तू रडलीस. बीज सुटलं की नाही, हे त्यावरून बघतात. लॅबमध्ये नोकरी केली म्हणून याचं मला जास्त वाटतं. बीज सुटल्यावर साधारण १२ ते १४ दिवसांनी पाळी येते. कमीजास्त होतो तो त्याआधीचा काळ. ‘२१ व्या दिवशी रक्त द्या’ हे २८ दिवसांच्या पाळीचं गणित आहे. तुझी ४० दिवसांनी येते, म्हणजे बीज सुटलंच तर २६ व्या दिवसाच्या आसपास. २१ व्या दिवशी ते सुटलेलंच नसणार, मग प्रोजेस्टेरॉन कमीच येणार. तुझी तपासणी ३३ व्या दिवसाच्या सुमारास हवी. रक्त दिल्यानंतर पाळी कधी आली ते लिहून ठेव. त्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

मूल होईल का, हे तू विचारलं नाहीस, पण मनात तेच आहे. मूल हवं असेल तेव्हाचा उपचार वेगळा असतो. बीज वाढवायला पाळीच्या सुरुवातीला पाच दिवस लेट्रोझोल देतात. औषध मुळात स्तनाच्या कॅन्सरचं, त्यामुळे माहितीपत्रक वाचून घाबरू नकोस. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पीसीओएस असलेल्या ७५० जणी होत्या. लेट्रोझोल घेतलेल्यांपैकी २७.५ टक्के जणींना मूल झालं, क्लोमिफीन या त्याच कामाच्या जुन्या औषधावर १९.१ टक्के. आणि हे आई म्हणून स्पष्टच लिहिते: पाळी लांबते म्हणजे दिवस राहणारच नाहीत, या भरवशावर राहू नकोस. बीज कधी सुटेल ते आधी कळत नाही.

वजनावरून कोणी टोमणा मारला तर मनावर घेऊ नकोस. वजन जास्त असेल तर थोडं उतरल्यावर पुष्कळदा फरक पडतो, पण सडपातळ मुलींनाही हे होतं. उपाशी मात्र राहू नकोस, त्यानेही पाळी बंद होते.

पुढच्या भेटीआधी सगळे रिपोर्ट तारखांसकट मला पाठव. थायरॉईडचा नसेल तर तो करूनच जा.

तुझी,
आई