मन्यास पत्र : पाहुण्याला अडकव, पण गप्प करू नकोस

नेपरव्हिल, इलिनॉय

प्रिय मन्या,

फोनवर तू विचारलंस तेव्हा ‘बघू’ म्हणून मी वेळ मारून नेली, कारण मागे पोरं भांडत होती आणि हा विषय दोन मिनिटांत उरकण्यातला नाही. तुझा जोडीदार म्हणतो, पॉडकास्टमधली प्रश्नमंजुषा काढून टाकू, लोक तिथेच बंद करतात. तू हट्टाला पेटलायस, ठेवायचीच. तक्रार त्याची खरी आहे रे. उपाय मात्र चुकीचा.

मागचा भाग मी ऑफिसला जाताना गाडीत ऐकला. पाहुणे नाटकांची प्रकाशयोजना करणारे, माणूस इतका गप्पिष्ट की पाऊण तास कुठे गेला कळलं नाही. दौऱ्यावर फ्यूज उडाल्यावर अंक कसा पुढे रेटला, ते तर मी घरी येऊन बायकोला पुन्हा सांगितलं. आणि मग तू विचारलंस, पहिला मराठी बोलपट कोणता? ते म्हणाले, ‘अयोध्येचा राजा’, १९३२. तू म्हणालास, अगदी बरोबर! वर टाळ्यांचा तो डबाबंद आवाज. पुढचं उत्तर त्यांना येत नव्हतं, म्हणाले, पास. एवढ्या बोलक्या माणसाला तू दोन शब्दांवर आणून ठेवलंस. येत असेल तर एक शब्द, येत नसेल तर एक शब्द. ऐकणाऱ्याने करायचं काय?

इथेच घोडं पेंड खातं. आपली पिढी टीव्हीवरच्या क्विझवर वाढली. सिद्धार्थ बासूंचा ‘क्विझ टाइम’ १९८५चा, केबीसी २०००चं. तिथे गप्प बसलेला माणूससुद्धा बघवतो. कपाळावरचा घाम दिसतो, दिवे मंद होतात, खाली संगीत धडधडतं. कानाला यातलं काही मिळत नाही. कानाला फक्त माणूस मोठ्याने विचार करताना ऐकायचा असतो. ‘थांब हां, हे ब्रिटिशांच्या काळातलं असणार... नाही, पण मग वीज कुठून आली?’ हे म्हणजे खरा कार्यक्रम. उत्तर फक्त प्रकरण संपवायला लागतं.

रेडिओवाल्यांनी हे फार आधी ओळखलं होतं. ‘ट्वेंटी क्वेश्चन्स’ हा खेळ अमेरिकेत रेडिओवर १९४६मध्ये आला आणि बीबीसीवर १९४७मध्ये. एक गोष्ट धरायची, ती प्राणी, वनस्पती की खनिज तेवढं सांगायचं, आणि हो किंवा नाही एवढंच उत्तर येणाऱ्या वीस प्रश्नांत ती ओळखायची. प्रत्येक प्रश्नाने शक्यता निम्म्यावर आणल्या तर वीस प्रश्नांत दहा लाखांहून जास्त गोष्टींतली एक वेगळी काढता येते, पण इतकं शिस्तीत विचारतो कोण! खरी खुबी पुढे आहे. बीबीसीवर एक ‘गूढ आवाज’ श्रोत्यांना उत्तर आधीच सांगून टाकायचा, आणि ते पॅनेलला ऐकू जायचं नाही. म्हणजे घरी बसलेल्याला सगळं ठाऊक, आणि स्टुडिओतले शहाणे अंधारात चाचपडताहेत. माणूस रेडिओवर खेकसणारच, अरे जवळ आला होतास की, मागे कशाला फिरलास! तुला तर हे आणखी सोपं. पाहुणा घरी गेल्यावर उत्तराची एक ओळ सांगून ठेव आणि एडिट करताना आधी चिकटव.

आता इथली गोष्ट. एनपीआर म्हणजे अमेरिकेतला सार्वजनिक रेडिओ, त्यांचा ‘वेट वेट... डोन्ट टेल मी!’ हा कार्यक्रम १९९८पासून चालू आहे. रेडिओवर लागतो, पॉडकास्ट म्हणूनही येतो. सूत्रधार पीटर सेगल, सोबत विनोदवीरांचं तिघांचं पॅनेल, आणि आठवड्याच्या बातम्यांवर प्रश्न. गुरुवारी संध्याकाळी शिकागोत मिशिगन अॅव्हेन्यूवरच्या स्टुडबेकर थिएटरात प्रेक्षकांसमोर रेकॉर्डिंग होतं. इमारत मूळची स्टुडबेकर कंपनीची, घोडागाड्या बनवत त्या काळातली. आम्ही दोघं गेलो होतो. रेडिओवर जेमतेम तासाभराचा होणारा कार्यक्रम तिथे बराच लांबतो, आणि शेवटी सेगल अडखळलेली वाक्यं एकामागोमाग पुन्हा वाचून देतो, आगापिछा नसलेली. लोक त्यालाही हसतात. कात्री किती चालते ते त्या दिवशी कळलं. तू मात्र सगळं जसंच्या तसं सोडतोस, ‘नैसर्गिक वाटतं’ म्हणे.

त्यातला मला सगळ्यात आवडणारा खेळ थापांचा. फोनवर एक श्रोता असतो. पॅनेलमधले तिघं एकाच विषयावरच्या तीन बातम्या सांगतात, एक खरी, दोन थापा. श्रोत्याने खरी ओळखायची. त्याने एक निवडली की खऱ्या बातमीशी संबंध असलेल्या माणसाच्या आवाजाची फीत लागते आणि निकाल कळतो. पण नियमातली मेख बघ. श्रोत्याने ज्याची गोष्ट निवडली त्याला गुण, मग ती धादांत खोटी का असेना. म्हणजे छातीठोक थाप मारणाऱ्याचाच फायदा! त्यामुळे तिघंही जीव तोडून रंगवून सांगतात. प्रश्न कठीण करण्यापेक्षा गुण कशाला द्यायचा हे ठरवण्यात जास्त अक्कल लागते, हे मला त्यावरून पटलं.

आणि बक्षीस? सुरुवातीला धड बक्षीस द्यायला पैसेच नव्हते. म्हणून कार्ल कॅसल यांचा आवाज द्यायचं ठरलं. एनपीआरवर वर्षानुवर्षं गंभीर आवाजात बातम्या वाचणारे कॅसल जिंकणाऱ्याच्या आन्सरिंग मशीनवर निरोप रेकॉर्ड करून द्यायचे. २०१४मध्ये ते निवृत्त झाले, २०१८मध्ये गेले. लोक त्या निरोपासाठी अक्षरशः धडपडायचे. तू कॉफीच्या मगांसाठी प्रायोजक शोधत बसलायस ते सोड.

दुसरा नमुना ‘स्केप्टिक्स गाइड टू द युनिव्हर्स’, २००५पासून चालणारा विज्ञानाच्या गप्पांचा पॉडकास्ट. स्टीव्हन नोव्हेला विज्ञानातल्या तीन गोष्टी सांगतो, बहुतेक वेळा त्यात एक बनावट असते. मग बाकीचे एकेक करून उत्तर देतात, पण नुसतं ‘दुसरी’ म्हणून सुटका नाही, का ते सांगावं लागतं. पहिला बिचारा उघड्यावर पडतो, शेवटचा सगळ्यांचं ऐकून शहाणपणा करतो, आणि कधी कधी सगळे मिळून एकाच खड्ड्यात जातात. नोव्हेलाला तेव्हा होणारा आनंद लपत नाही. विज्ञानात मुरलेली माणसं अंदाजपंचे दाहोदरसे करताना ऐकायला मिळतात, आणि त्यांची तर्काची गाडी कुठे घसरली तेही कळतं. त्याच कार्यक्रमात एक आवाज ऐकवतात, कशाचा ते ओळखून लोकांनी आठवडाभर कळवायचं, उत्तर पुढच्या भागात. हे तू उद्यापासून करू शकतोस. उसाच्या चरकाचा घुंगरू, कल्हईवाल्याचा भाता, एसटीच्या कंडक्टरचा तिकिटाचा चिमटा. चिमटा तर आता ऐकू येणंच बंद झालंय, जुन्या कंडक्टरला गाठ.

टॉम स्कॉटचा ‘लॅटरल’ हा पॉडकास्टही ऐक. त्यात माहिती असून उपयोग नसतो, आडून विचार करावा लागतो. तशा धर्तीचा एक प्रश्न तुझ्यासाठी केलाय. १९३०मध्ये मुंबई-पुण्याच्या मार्गावर एक झोकदार गाडी सुरू झाली, पण आधी ती फक्त शनिवार-रविवारीच धावायची. का? ‘डेक्कन क्वीन’ हे नाव कुणीही सांगेल, त्याला गुण नाही. पुढे मजा. कुणी म्हणेल साहेबांना सुट्टी, कुणी म्हणेल थंड हवा, कुणी लष्कराची छावणी काढेल. प्रत्येक वेळी तू ‘जवळ आहात’, ‘त्या साहेबांना पुण्यात चार पायांचं काय बघायचं होतं?’ असं ढकलत न्यायचं. पुण्याच्या घोड्यांच्या शर्यती! दहा मिनिटं आरामात जातात, आणि पाहुण्याची आजी रेसकोर्सवर गेली होती असं निघालं तर विचारूच नकोस.

थापांच्या खेळासाठी बँकांच्या तीन गोष्टी घे. दोन तू रच, तुला जमतं ते. खरी ही : २०११मध्ये युको बँकेने शनिशिंगणापुरात कुलूप नसलेली शाखा उघडली. तिथल्या घरांना दारं नसतात हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणूनच लोकांना ती रचलेली वाटेल.

बारीकसारीक दोन गोष्टी. पर्याय तीनच ठेव. चौथा ऐकेपर्यंत पहिला विसरतो, कानाला मागे वळून वाचता येत नाही. आणि सालं विचारू नकोस. सालाचा अंदाज करताना कुणी काही बोलत नाही, फक्त ‘एकोणीसशे... अं...’ करतात. टाळ्यांचा तो डबा तर फेकूनच दे. त्यापेक्षा तुझ्या जोडीदाराचं हसणं चांगलं आहे, फक्त तो माइकपासून लांब बसतो. आणि मुख्य म्हणजे उत्तरं त्याला आधी दाखवू नकोस. त्याला प्रश्नमंजुषा कंटाळवाणी वाटते ती बहुधा त्यामुळेच, बिचाऱ्याला सगळं माहीत असतं आणि गप्प बसावं लागतं.

पुढचा भाग झाला की कच्चं रेकॉर्डिंग पाठव, कापलेलं नको. कुठे कापायचं ते मी खुणा करून देतो, माझी शनिवारची सकाळ मोकळी असते.

काकूंना नमस्कार सांग. गुण मोजायला कुणी हवंच असेल तर त्यांनाच बसव. त्या कुणाची भीडभाड ठेवणार नाहीत, तुझी तर नाहीच.

तुझा,
अव्या